टायर चिकटवणाऱ्या डॉक्टरीणबाई

साताऱ्यात मला पहिली नोकरी लागली त्या दिवशी माझ्या हातात दात आला नाही, टायर आला. मुठीत मावेल एवढा, काळा, अंगभर रबरी काटे असलेला. "भांड्याच्या साबणाने धू. वरून काळा राहिला तरी चालेल, पण कडा आतून स्वच्छ हव्यात. आणि धुतल्यावर कडेला बोट लावायचं नाही," एवढं सांगून मॅडम आत पेशंट बघायला गेल्या. दंतवैद्यकीची पदवी आणि आईने बांधून दिलेला डबा घेऊन खंडाळ्याहून आलेली मी बेसिनपाशी उभी राहून खेळण्यातल्या गाडीचं चाक धूत होते. असा संताप आला की बाहीवर फेस उडाला तरी कळलं नाही.

त्या दवाखान्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. संताप काही गेला नाही. फक्त तो कुणावर करायचा, ते बदलत गेलं.

मॅडम तेव्हा साठीला आल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, केस मागे घट्ट बांधलेले. बारीक कामाला आम्ही दंतवैद्य जे भिंगांचं चष्म्यासारखं प्रकरण लावतो, ते त्यांच्या कपाळावर कायम चढवलेलं. ते तसंच ठेवून त्या मंडईत जायच्या आणि मेथीची जुडी भिंगाखाली धरून बघायच्या. भाजीवाल्या बायका त्यांना लांबूनच ओळखायच्या आणि पुढची चांगली जुडी मागे सरकवायच्या, कारण मॅडमना पुढ्यात मांडलेलं काही कधी पटायचंच नाही.

मूळच्या त्या पलूसच्या, उसाच्या घरातल्या. धाकटा भाऊ शेती बघायचा. त्या शिकल्या, साताऱ्यात दवाखाना काढला, लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी पेशंटने विचारलंच तर त्या त्याला लगेच तोंड उघडायला सांगायच्या, आणि मग त्याला पुढचं काही विचारता यायचं नाही.

पेशंटशी त्यांची भाषा सुरुवातीला अगदी छापील असायची. राग आला की पलूस वर यायचं. "आपण दोन्ही वेळा ब्रश करता ना?" इथून निघालेलं बोलणं "मग ह्ये काय हाय रं गड्या? कवा शेवटचा घासला व्हता?" इथे पोचायचं. माणसं ऐकून घ्यायची. दवाखान्यात रांग असायची ती त्यांच्या हातामुळे. त्यांनी बसवलेली टोपी दातावरून निघाली, असं सहसा व्हायचं नाही.

दाताचं निम्मं काम चिकटवण्याचं असतं. टोपी चिकटवायची, तारा चिकटवायच्या, तुटलेला तुकडा चिकटवायचा. मॅडमचं म्हणणं असं की हे काम जगात कुणालाच करायचं नसतं, सगळ्यांना नुसता गम लावायचा असतो. हायवेला डांबरावर बसवलेले ते चमकणारे खुंट उखडलेले दिसले की त्या गाडी हळू करून म्हणायच्या, "धुळीवर चिकटवलेत. रस्त्याला नाही, धुळीला चिकटवलेत!" बुटाचा तळ सुटला की बूट घेऊन दुकानात भांडायला जायच्या. एकदा आम्ही एका पेशंटच्या मुलीच्या स्वागत समारंभाला गेलो. स्टेजवरच्या फळीवर नवरा-नवरीची नावं थर्माकोलच्या अक्षरांनी लावली होती, त्यातलं नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर खाली पडलं. मॅडम आहेराची पिशवी माझ्याकडे देऊन, पैठणीचा पदर खोचून स्टेजवर चढल्या. रुमालाने फळी पुसली, अक्षराचा पाठचा भाग खरवडला, मांडववाल्याकडून गम मागून घेतला आणि ते अक्षर दाबून धरून उभ्या राहिल्या. हात सोडायला तयार नाहीत. खाली पाहुण्यांची रांग, मागे फोटोवाला ताटकळलेला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये कितीतरी फोटोंत नवरा-नवरीच्या मागे एक डॉक्टरीणबाई फळीला हात लावून उभ्या आहेत.

मला शरम वाटली होती. त्यांना काहीच वाटलं नाही. "पडलं असतं परत," एवढंच म्हणाल्या.

गाड्यांचा नाद त्यांना लागला तोही गमापायी. एकदा त्या दंतवैद्यांच्या कुठल्याशा बैठकीला सांगलीला गेल्या होत्या. वाटेत एका मैदानात रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत चालली होती. लहान मुलांची नव्हे, मोठ्या बाप्यांची. हातभर लांबीच्या गाड्या, मातीतून सुसाट धावणाऱ्या, उंचवट्यावरून हवेत उडणाऱ्या. त्यातल्या एका गाडीचं चाक वळणावर सोललं. रबराचा टायर आतल्या प्लॅस्टिकच्या रिमवरून निसटला आणि गाडी कोलांट्या खात गेली. गाडीचा मालक नशिबाला शिव्या द्यायला लागला. मॅडम दोरी ओलांडून आत गेल्या, चाक उचललं, भिंग खाली ओढलं आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाल्या, "नशिबाचा काय संबंध? तुम्ही रिम घासलेली नाही, टायर धुतलेला नाही. कारखान्यातून येताना रबराला तेलकट थर असतो. तुम्ही त्या थराला गम लावलाय." बैठक राहिली बाजूला. त्या दिवशी त्यांनी तिथल्या निम्म्या गाड्यांची चाकं तपासली. गाडी त्यांनी नंतर घेतली. म्हणजे गम आधी आला, गाडी मागून.

मग दवाखान्याच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांशेजारी गमाच्या बाटल्या आल्या. पातळ, मध्यम आणि घट्ट. दवाखान्यात साफसफाईला आणि पेशंटना धीर द्यायला शांतामावशी होत्या. त्या म्हणायच्या, "ह्या फ्रिजात औशद हाय, गम हाय, आन माजं दही हाय. येक दिस बाई मला गमाची कडी खाया घालनार बगा." मॅडम त्यावर गंभीरपणे सांगायच्या की गम थंड राहिला तरच टिकतो, उन्हाळ्यात बाहेर ठेवला की काकवीसारखा होतो. दह्याबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असायचा, आणि त्याच वेळी तिथे गर्दी व्हायची. कराड, पलूस, सांगलीहून गाडीवाले आपापली चाकं पिशवीत घालून यायचे. या गाडीवाल्यांच्या क्लबातल्या कुणाचाही टायर नीट चिकटलेला नाही, ही गोष्ट मॅडमना सहन व्हायची नाही, मग तो माणूस शर्यतीत त्यांच्याच विरुद्ध का पळवणार असेना. "कुठला गम चांगला, मॅडम?" असं कुणी विचारलं की त्या भडकायच्या. "गम कुठला ते शेवटी! पातळ पाण्यासारखा पळतो, बारीक फटीत आपोआप शिरतो. फट मोठी असेल तर मध्यम घ्या. घट्ट तर टायरला लागतच नाही. पण आधी पुसलंय का? वाळलंय का?" टपरीवर मिळणारा झटपट गम कुणी आणला तर ती ट्यूब त्या चिमट्यात धरून कचऱ्यात टाकायच्या. "लवकर चिकटतो म्हणं! लवकर काय चिकटतं? बोट चिकटतं लवकर."

मी त्या रविवारी का जायचे, मला विचारू नका. सुट्टी होती, पगार त्याचा नव्हता, आणि मी जाऊन टायर धुवायचे. बहुतेक मला ते बघायला आवडायला लागलं होतं, आणि हे मान्य करायचं नव्हतं.

आता ती शर्यत.

सांगलीला मैदानावर क्लबची वर्षातली मोठी स्पर्धा होती. क्लबचे अध्यक्ष सांगलीतलेच एक हॉटेलमालक. पांढरा शर्ट, हातात माईक, प्रत्येक वाक्यात 'आपल्या भागाचं नाव'. त्यांचा मुलगा धैर्यशील, वय तिशीच्या आतलं, शांत आणि गाडी चालवण्यात खरोखर तरबेज. अंतिम फेरीत शेवटी जिंकण्यासारखे दोघंच उरले. धैर्यशील पुढे, मॅडम त्याच्या मागे. मॅडम गाडी पळवणाऱ्यांसाठी बांधलेल्या उंच माचावर इतर बाप्यांच्या रांगेत रिमोट पोटाशी धरून उभ्या होत्या, साडीवर क्लबचा टीशर्ट घालून. शेवटच्या वळणावर धैर्यशीलच्या गाडीचा पुढचा डावा टायर रिमवरून सोलून निघाला. गाडी उलटली. मॅडमची गाडी शेजारून गेली आणि जिंकली.

टाळ्या वाजायच्या आधीच अध्यक्षांचा आवाज माईकवरून आला. "ह्ये टायर कुनी चिकटवल्यात?"

सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचेच टायर मॅडमनी चिकटवलेले होते.

"म्हंजे जिच्यासंगं सामना, तिनंच चाक चिकटवायचं, आन त्येच चाक ऐन येळंला निगायचं! वा!"

मी बारीक आवाजात बोलणारी मुलगी. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझा आवाज मास्तरांना ऐकू जायचा नाही. पण त्या दिवशी मी मांडवातून अशी ओरडत निघाले की आमच्याबरोबर आलेल्या शांतामावशींनीही माझा दंड धरला. मी म्हटलं, रविवारची झोप मोडून ही बाई तुमची चाकं चिकटवते, तुमच्याकडून चहासुद्धा घेत नाही, आणि तुम्ही तिला चोर म्हणता? पकड यावी म्हणून तुमचा मुलगा टायरला काहीबाही फासत असेल, त्याने गम सुटला असेल, ते आधी बघा! धैर्यशीलने तसं काही फासलं होतं की नाही, मला काडीची माहिती नव्हती. पण मी थांबेना. दोन-चार कराडवाले माझ्या बाजूने बोलायला लागले. अध्यक्षांची माणसं पुढे आली. आता हाणामारी होते की काय, असं वाटलं.

या सगळ्यात मॅडम कुठे होत्या? मैदानाच्या मधोमध, मातीत बसलेल्या. मांडीवर तो सुटलेला टायर आणि डोळ्यांवर भिंग. नखाने कडेचा गम खरवडून बोटांत चोळून बघत होत्या. बघून झालं तशा उठल्या, साडी झटकली, अध्यक्षांपाशी आल्या आणि त्यांच्या हातातला माईक घेतला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"हा गम आतून पिठासारखा झालाय. पाणी गेलंय त्यात. बाटली फ्रिजमधून काढली की लगेच उघडायची नसते. बाहेरच्या हवेएवढी होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. ही चाकं केली त्या दिवशी एक पेशंट गाल सुजवून आला होता आणि मला आवरायची घाई होती. मी थंड बाटली उघडली. दुसऱ्याला मी हेच करू नका म्हणून ओरडते. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी चाकं करून नेली, त्यांनी गाडी पळवू नये. मी येऊन परत करून देईन."

एवढं बोलून त्यांनी माईक परत दिला. कप टेबलावर होता, तो उचलून पिशवीत घातला आणि गाडीत जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्या बाईसाठी मी अख्ख्या मैदानाशी भांडले, तिनेच माईक घेऊन सगळ्यांच्या हातात कोलीत दिलं होतं. कराड मागे पडलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "त्या पोरानं टायरला काही फासलं नव्हतं. तू तसं बोलायला नको होतंस."

"मी तुमच्यासाठी बोलत होते!"

"ते कळलं. पण खोटं होतं."

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. मॅडमनी सर्वांसमोर कबुली दिली आहे, सबब वर्षभर त्यांना स्पर्धेत भाग घेता येणार नाही, कप त्वरित परत करावा. बस्स. थंड बाटली नाही, दव नाही, गाल सुजलेला पेशंट नाही. नुसती 'कबुली'. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्यात कितीतरी जण असे, ज्यांचे टायर मी माझ्या हातांनी धुतले होते. एकानेही विचारलं नाही की कशाची कबुली. मी रागाने काहीतरी लिहायला घेतलं, तर मॅडमनी सांगितलं, "त्यांना लिहू दे. आपल्याला रविवारी फिरायचंय. कुकर घासून ठेव."

त्या रविवारी आम्ही खरंच फिरलो. गाडीच्या मागच्या सीटवर जुना मोठा कुकर, टायरच्या आत बसवायचे नवे फोम, सँडपेपर, स्पिरिट आणि बर्फाच्या डब्यात गमाच्या नव्या बाटल्या. कराडला दोघांकडे, पलूसला एकाकडे. टायर गरम पाण्यात उकळायचे, मऊ पडलेला गम सोडवायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. लोक ओशाळायचे. "आवं मॅडम, ऱ्हाऊ द्या की, चालतंय," म्हणायचे. त्या म्हणायच्या, "चालत न्हाई."

शेवटचं घर अध्यक्षांचं.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. चांगली माणूस. "आवं, या की आत," म्हणाली, आणि काय होतंय हे कळायच्या आत मॅडम तिच्या स्वयंपाकघरात कुकर चढवून मोकळ्या झाल्या होत्या. धैर्यशीलने चाकं आणून दिली. थोड्याच वेळात त्या घरात, जिथे बहुधा दुपारच्या मटणाचा वास असायचा, तिथे उकळत्या रबराचा वास भरला. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"ह्ये काय चाललंय माज्या घरात?"

"तुमच्या मुलाची चाकं नीट करतेय," मॅडम म्हणाल्या. त्या रिमची खाच सँडपेपरने घासत होत्या, वर बघायला तयार नव्हत्या.

"चाकाचं ऱ्हाऊ द्या. तुमीच माईकवर बोलला की, सगळ्यांनी ऐकलंय. कप आनलाय का? त्यो द्या आन इषय मिटवा."

"चूक केली म्हणाले. मुद्दाम केली म्हणाले नाही." मॅडमनी आता वर बघितलं. "ह्यातला फरक तुम्हाला कळतो. कळत नसता तर मेसेजातून तो एवढा जपून गाळला नसता."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मला तर नाचावंसं वाटलं.

"मग कप देनार का न्हाई?"

"कप माझा आहे का, ते मलाही माहीत नाही. तुमचा मुलगा पुढे होता. चाक टिकलं असतं तर तोच जिंकला असता, का मी गाठलं असतं? परत पळवल्याशिवाय कसं कळणार?"

"बंदी घातलेल्या मान्सासंगं स्पर्धा हुत न्हाई."

ओट्यापाशी उभा असलेला धैर्यशील तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मी पळवतो, मॅडम."

"गप रं!"

"पळवतो, पप्पा. क्लब तुमचा हाय, गाडी माझी हाय."

यावर अध्यक्ष बरंच काही बोलले असते, पण मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "थांबा. बाटली अजून थंड आहे."

जेवणाच्या टेबलावर गमाची बाटली उभी होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. मॅडम मधूनमधून ती गालाला लावून बघायच्या आणि परत ठेवायच्या. अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. त्यांची बायको चहा घेऊन आली. तो पिऊन संपला तरी मॅडम उघडेनात. तोवर त्यांनी टायरच्या कडा स्पिरिटने पुसून वाळवल्या, आत कोरडे फोम बसवले, रिमच्या खाचेत रबराची कड सगळीकडून नीट बसलीय का ते फिरवून बघितलं आणि ती जागची हलू नये म्हणून चाकाभोवती रबरबँड चढवले. मग एकदाची बाटली उघडली. इंजेक्शनच्या बारीक नळीने पातळ गमाचे थेंब चार बाजूंना. थोडं थांबून मधल्या जागा. गम फटीतून स्वतः पळत गेला. एक बाजू वाळल्यावर चाक उलटं करून दुसरी बाजू. त्या गमाचा वाफारा डोळ्यांना झोंबतो. मॅडम सवयीने मान वळवून काम करायच्या. अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं. ते वाकून, लक्ष ठेवायला म्हणून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तशा अवस्थेतही ते म्हणत होते, "कप आनून द्यायचा म्हंजे द्यायचा!"

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा राग एकदाचा निघून जाईल. बंदी उठली नाही. कप सांगलीत गेल्यावर अध्यक्षांनी मुलाचा कपासकट फोटो ग्रुपवर टाकला, 'न्याय मिळाला' असं लिहून. कप कसा आला, कुणी दिला, कुठे पळवल्यावर दिला, याचा एक शब्द नाही. धैर्यशीलने खाली खरं काय ते लिहिलं, तर कुणीतरी त्याच्यावर लगेच सणाच्या शुभेच्छांचा ढीग टाकला. वर्ष संपल्यावर मॅडमना या म्हणून कुणी बोलावलं नाही, आणि त्याही गेल्या नाहीत. चाकं मात्र रविवारी येतच राहिली. तीच माणसं, तेच हात जोडणारे. मी दारातून परत पाठवायला निघाले की मॅडम आतून ओरडायच्या, "अगं, टायरचा काय दोष?" आता दवाखाना बंद झालाय, त्या पलूसला भावाकडे राहतात. माझा स्वतःचा दवाखाना खंडाळ्याला आहे. त्या अध्यक्षांचं नाव कुणी कौतुकाने काढलं की अजूनही माझ्या कानशिलात गरम होतं. राग काही निघाला नाही, बघा.

दोघांची ती परत पळवायची शर्यत पलूसलाच झाली, त्यांच्या भावाच्या रानात. ऊस नुकताच तुटून गेला होता. भावाने ट्रॅक्टर फिरवून माती सारखी करून दिली आणि बांधावर बसून राहिला. "आक्का, उसाची लागन करायची हाय मला. तुजी गाडी एकदा पळव आन रान मोकळं कर," म्हणत होता. आम्ही मोजकीच माणसं. मॅडमची गाडी, धैर्यशीलची गाडी, माझ्या हातात कपाची पिशवी. अध्यक्ष आले नव्हते.

मला मॅडमनी जिंकायला हवं होतं. एवढं काही मी कधी कुणासाठी मागितलं नसेल. आणि सुरुवातीला त्या पुढे होत्याही. पण धैर्यशीलचा हात तरणा होता. प्रत्येक वळणावर तो थोडा थोडा जवळ आला. ढेकळांच्या उंचवट्यावर मॅडमची गाडी जरा तिरकी पडली, तेवढ्यात तो बाहेरून निघून गेला. नंतर त्यांना गाठता आलं नाही. चाक सुटलं नाही, काही मोडलं नाही, कुणी आडवं आलं नाही. त्या हरल्या.

त्यांनी रिमोट खाली ठेवला, माझ्या हातातून पिशवी घेतली, कप काढून धैर्यशीलला दिला. "तुझा होता," म्हणाल्या. तो काहीतरी पुटपुटला, वाकून पाया पडला. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी उगीच बांधाकडे बघत होते. एवढं सगळं सोसायचं, गावोगाव कुकर घेऊन फिरायचं, त्या माणसाच्या घरात उभं राहून अपमान ऐकायचा, आणि शेवटी हरून कपही स्वतःच्या हाताने द्यायचा! हे मी बोलूनही दाखवलं. "तुम्ही त्याची चाकं एवढी चांगली केली नसती तर..."

मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या धैर्यशीलच्या गाडीपाशी मातीत बसल्या होत्या. गाडी उलटी करून मांडीवर घेतलेली. एकेका चाकाची कड अंगठ्याने जोर लावून बाहेर ढकलत होत्या, आतली बाजू, बाहेरची बाजू, सगळीकडून. टायर अजून गरम होते, काट्यांत पलूसची काळी माती भरलेली. चौथं चाक बघून झालं आणि त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"धरलंय," त्या म्हणाल्या. "अगं, बघ की! येवढं पळून कुटंच सुटलं न्हाई!"

मी जागची हलले नाही. त्यांनी माझा हात धरून मला खाली ओढलं आणि माझा अंगठा त्या कडेवर ठेवला.

"लाव जोर," म्हणाल्या.

मी चिडलेलीच होते, म्हणून चांगला जोर लावला. कड हलली नाही.